रत्नाची पारख

व्याख्यानमालेच्या चालकांना मी हा विषय कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी हसून विचारले, "तुमचा आणि हिऱ्यामाणकांचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात ज्याची उमेद गेली, त्या माणसाच्या अंगावर रत्न म्हणाल तर जुन्या किल्लीच्या घड्याळातले 'ज्वेल' तेवढे. गंमत अशी की, तेही माणिकच असते, फक्त कारखान्यात केलेले. या कारखान्यातल्या माणकाने माझ्या घरी काय केले ते पुढे सांगेन. तूर्त एवढेच सांगतो की, महापे येथे दागिन्यांच्या उद्योगासाठी मोठे संकुल उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि आमच्या ऑफिसात त्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी हा विषय वाचू लागलो. वाचता वाचता असे दिसून आले की, रत्नाची पारख कोणाला येते आणि कोणाला येत नाही, हा प्रश्न पोटापाण्याच्या प्रश्नापासून फार दूर नाही.

आजकाल तरुण जोडपी वाशीच्या पेढ्यांवर जाऊन खडा आपल्या पसंतीने निवडतात, त्याच्याभोवती आपल्या मनाजोगता दागिना घडवून घेतात, आणि ही काहीतरी नवी चाल आहे असे समजतात. वस्तुतः जुनी चाल तीच होती. सोनार ओसरीवर येऊन बसे, घरातली बाई डब्यातले जुने खडे त्याच्यापुढे ओती, आणि डोळ्यांदेखत कुडी किंवा नथ घडे. तयार दागिना काचेच्या कपाटात ठेवून विकणे हीच अलीकडची गोष्ट आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त रत्नपरीक्षेवर अध्याय आहेत. हिरा कोठे मिळतो हे सांगताना तो वेणा नदीच्या तीराचा, कोसलाचा, सौराष्ट्राचा, कलिंगाचा उल्लेख करतो, आणि त्या यादीत शूर्पारकाचेही नाव आहे. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारे. सोपाऱ्याच्या जमिनीत हिरा निघणे शक्य नाही. आपला सारा कोकणपट्टा काळ्या कातळाचा. सोपारे हे बंदर होते. देशावरून आलेला माल तेथे विकला जाई आणि गिऱ्हाईक बाजारालाच खाण समजे. हा गैरसमज आजही चालू आहे; हिरा कुठला म्हणून विचारले तर आपण झवेरी बाजाराचे नाव सांगतो. वेणा म्हणजे वैनगंगा असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि त्यास आधारही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे हिऱ्यांची खाण होती, तिचा उल्लेख अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केला आहे. म्हणजे हिरा महाराष्ट्राला अगदीच परका नव्हे.

त्याच ग्रंथात कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या रंगाचा हिरा वापरावा हेही सांगितले आहे. पांढरा ब्राह्मणाचा, तांबडा व पिवळा क्षत्रियाचा, शिरीषाच्या फुलासारखा वैश्याचा, आणि तलवारीच्या पात्यासारखा काळसर शूद्राचा. सोपाऱ्याचा हिरा काळा, असेही तो म्हणतो. म्हणजे आमच्या बाजूचा माल आमच्याच लोकांच्या वाट्याला! दगडाला सुद्धा जात चिकटविणारा हा देश आहे. पण हसून सोडून देण्यापूर्वी हे पाहावे की, निर्मळ पांढरा हिरा तेव्हाही सर्वांत वरचा होता आणि आजही आहे. १९३१ साली अमेरिकेत जी रत्नविद्येची संस्था निघाली, तिने १९५३ मध्ये हिऱ्याच्या रंगाची श्रेणी ठरविली. 'डी' म्हणजे अगदी रंगहीन, आणि तेथून पिवळेपणा वाढत वाढत 'झेड'पर्यंत. वर्ण गेले, अक्षरे आली. काळा हिरा मात्र मध्यंतरी फॅशनमध्ये आला, याचा मला उगीचच आनंद झाला.

जुन्या ग्रंथांत हिऱ्याचे दोषही दिले आहेत: बिंदू, रेघ, मळ आणि काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी चीर. आजच्या परीक्षक दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून याच गोष्टी पाहतात. त्या वैद्यासारख्या नजरेने पाहणाऱ्या लोकांविषयी मला आदर वाटतो. मात्र ग्रंथात लिहिले म्हणून सारेच खरे मानू नये. उत्तम हिरा पाण्यावर तरतो असे बृहत्संहिता म्हणते. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड आहे, तो बुडणारच. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दिल्लीस अल्लाउद्दीन खिलजीच्या चाकरीत ठक्कुर फेरू नावाचा जैन अधिकारी होता. त्याने १३१५ मध्ये रत्नपरीक्षेवर पुस्तक लिहिले, ते संस्कृतात न लिहिता प्राकृतात, आणि आपल्या मुलासाठी. बादशाही खजिना स्वतः पाहिलेला हा माणूस. मला तो फार जवळचा वाटतो. विद्या बाजारात कमवावी आणि लोकांच्या भाषेत पोराच्या हाती द्यावी, याहून चांगले शिक्षण कोणते?

त्याच पठडीतला दुसरा माणूस गोव्याचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला त्याने औषधे दिली, आणि पुढे मुंबई बेटच त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. हिरा घणाने फुटत नाही ही समजूत तेव्हा सर्व जगात होती. ओर्ताने साफ सांगितले की, हातोडीने तो सहज फुटतो. आपल्या तुकोबांनी ऐरणीवरच्या हिऱ्याचा दृष्टांत दिला आहे. तो दृष्टांत अध्यात्माचा आहे, तो सराफकट्ट्यावर वापरू नये. हिरा कठीण आहे म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण लाकडाला जसा धागा असतो तशा त्याला ठरावीक दिशा असतात आणि त्या दिशेने घाव बसला की तो दुभंगतो. या भाबड्या परीक्षेपायी किती अस्सल हिऱ्यांचा भुगा झाला असेल कोण जाणे.

आता खाणीकडे वळू. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखातील खाणींवर गेला होता. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णेच्या काठी कोल्लूरला बायकामुले धरून साठ हजार माणसे कामाला होती असे तो लिहितो. दुसऱ्या एका खाणीवर, चांगले काम जाणणाऱ्या मजुराला वर्षाला अवघे तीन होन मिळत, आणि पन्नास मजुरांवर बारा ते पंधरा पहारेकरी असत. हे आकडे मी प्रथम वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. पहाऱ्यावर एवढा खर्च करणाऱ्या मालकाला मजुरीत दोन होन वाढविणे कधी सुचले नाही! एका मजुराने खडा डोळ्याच्या कोपऱ्यात दडवून नेण्याचा प्रयत्न केला, तेही ताव्हेर्नियेने नोंदविले आहे. चोरी वाईट खरीच. पण डोळ्यात दगड खुपसून घेण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या घरची चूल कशी असेल हे त्या जवाहिऱ्याने विचारलेले दिसत नाही.

त्याच पुस्तकात एक गोड चित्रही आहे. व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले सकाळी गावातल्या एका झाडाखाली जमत. प्रत्येकाजवळ वजनांची पिशवी आणि कमरेला पैशांचा कसा. कोणी हिरा विकायला आणला की तो वडील मुलाच्या हाती जाई, मग एकेकाच्या हातून फिरत पुन्हा त्याच्याकडे येई. संध्याकाळी दिवसभराची खरेदी मोठ्या व्यापाऱ्यांना विकून नफा सारी मुले वाटून घेत. थोरल्याला किंचित अधिक. सहकारी पेढीच म्हणा ना. पारख शिकवायला शाळा लागत नाही, चार जणांच्या हातांतून दगड फिरावा लागतो. आजही खडा निवडताना एकट्याने, एकाच दुकानात, एकाच दिवशी निवडू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

किंमत कशी ठरे? आपल्याकडे वजन गुंजेने. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंजेलाच बाजारात रती म्हणत. आजचा कॅरट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम, सुमारे पावणेदोन गुंजांना थोडा कमी. परंतु वजन दुप्पट झाले तर किंमत दुप्पट होत नसे, चौपट होई. वजनाचा वर्ग करावा असा नियम ताव्हेर्नियेनेही दिला आहे. मुंबईच्या मोतीबाजाराने याच नियमावर 'चव' नावाचे माप बसविले. एकूण वजनाच्या रतींचा वर्ग करावा, त्यास ५५ ने गुणून ९६ ने भागावे, आणि आलेल्या आकड्यास मोत्यांच्या संख्येने भागावे. आठ रतींचा एक मोती सुमारे साडेछत्तीस चवांचा होतो. तेच आठ रती दोन मोत्यांत वाटले तर चव निम्मे. नथीतल्या टपोऱ्या बसरा मोत्याचा दिमाख कशात होता ते यावरून समजेल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण खिशालाही तोच जड.

हा नियम आजच्या गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावा. एक कॅरटचा एक हिरा अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांहून पुष्कळ महाग असतो. आणि पूर्ण एक कॅरट या आकड्याचा माणसाला मोह असल्याने तेथे भाव एकदम चढतो. त्याच प्रतीचा नव्वद सेंटचा खडा घ्यावा. बोटात घातल्यावर फरक सासूबाईंच्या सुद्धा ध्यानात येत नाही.

वजन राखावे की तेज आणावे, हा मात्र जुना वाद आहे आणि त्यात आपल्या नाशिकचा एक हिरा सापडला. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून जो ओळखला जातो, तो 'नासक' हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती पडला आणि लुटीचा माल म्हणून लंडनला गेला. आपल्या कारागिरांनी त्याचे पैलू दगडाच्या मूळ आकाराला धरून पाडले होते. वजन जाऊ द्यायचे नाही हा आपला बाणा. तेव्हा तो नव्वद कॅरटच्या आसपास होता. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी १८२७ मध्ये तो पुन्हा घासून ७८ कॅरटांवर आणला. १८३७ च्या लिलावानंतर तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाकडे गेला. शेवटी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो आणखी कापून ४३ कॅरटांवर आणला. सव्वाशे वर्षांत निम्म्याहून अधिक हिरा धूळ होऊन गेला, आणि प्रत्येक वेळी तो अधिक सुंदर झाला असेच म्हटले गेले. सुंदर झालाही असेल. आज घाट म्हणजे 'कट' ही हिऱ्याच्या चार गुणांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानतात, आणि माझेही मत तसेच आहे. कारण रंग, वजन, निर्मळपणा हे भूमीचे देणे, घाट तेवढा माणसाच्या हातचा. ज्याचा घाट बेताचा तो वजनदार हिरा काचेसारखा दिसतो. तरीही नाशिकच्या त्या खड्याचा पहिला घाट कसा होता, हे पाहायला मिळाले असते तर बरे झाले असते.

दागिना घडविणाऱ्याची कथा याहून कठीण. १९६३ च्या जानेवारीत, चीनच्या युद्धानंतर, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जारी केले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडविण्यास बंदी आली. परकीय चलन वाचविण्याचा हेतू वाईट नव्हता; पण देशभर लाखो सोनारांच्या भट्ट्या विझल्या आणि कित्येकांनी जीव दिला. कुंदनाचे जडित काम तर जवळजवळ थांबलेच, कारण कोंदणात खडा बसवायला जे सोने दाबतात ते शुद्ध आणि लोण्यासारखे मऊ असावे लागते. चौदा कॅरटचे कडक सोने दाबता येत नाही. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा कायदा १९९० पर्यंत राहिला. मधल्या काळात किती कारागीर आपल्या पोरांना सुतारकाम आणि शिपाईगिरीकडे वळवून बसले त्याची गणती नाही. त्यांच्या जागी झवेरी बाजारात हुगळी, हावडा, मेदिनीपूरकडचे बंगाली कारागीर आले. माळ्यावरच्या खोलीत आठ-दहा जण, तेथेच काम, तेथेच झोप, आणि सोन्याच्या तेजाबाची वाफ छातीत. हिऱ्याला पैलू पाडणारे बहुसंख्य सुरत आणि सौराष्ट्राकडचे, नगावर मजुरी घेणारे. २००८ च्या मंदीत मागणी बसली तेव्हा त्यांतले हजारो हात एका हंगामात रिकामे झाले. मुंबईचा हिरेव्यापार ऑपेरा हाऊसच्या अरुंद रस्त्यांतून वांद्रे-कुर्ला संकुलातील २०१० मध्ये सुरू झालेल्या बोर्सात गेला. महाप्यास नवे संकुल होईल. इमारती चकचकीत होतील. भविष्यनिर्वाह निधीचे खाते किती जणांच्या नावाने निघेल, हा माझा पहिला प्रश्न राहील.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, खडा घ्यावा कसा ते सांगा. मी सराफ नव्हे. वाचून, विचारून जे समजले ते सांगतो. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली काहीच निवडू नये. तो दिवा हिऱ्याचा वकील असतो. खडा उघड्या उजेडात, शक्य तर सकाळी, सावलीत पाहावा. रंगीत खड्यात वजनापेक्षा रंग पाहावा, आणि 'यावर काही प्रक्रिया केली आहे का' हा प्रश्न तोंडाने विचारून उत्तर बिलावर लिहून घ्यावे. माणिक-नीळ भट्टीत तापवून त्यांचा रंग खुलविण्याची रीत जुनी आणि मान्य आहे. पण अलीकडे भेगाळलेल्या माणकात शिशाची काच भरून ते विकतात. अशा खड्याला जडाईच्या वेळी ज्योत लागली किंवा पुढे लिंबाचा रस लागला तरी काच खराब होते. दागिना घडवून घेणाराने हे कारागिरास आधीच सांगावे, नाही तर नुकसान त्या गरिबाच्या मजुरीतून वळते होते. पाचूच्या चिरा तेलाने झाकलेल्या असतात. पाचूची अंगठी घालून भांडी घासू नयेत. आणखी एक हिशेब आम्हा कारखान्यातल्यांना लवकर समजेल. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांची कठीणता मोजपट्टीवर सात. त्याहून मऊ खडा रोजच्या धुळीनेच निस्तेज होतो. माणिक आणि नीळ नऊ, पाचू साडेसात-आठ, मोती तीन-चार. आपल्या तुर्भ्याच्या खाणींजवळून आणि बांधकामांमधून ये-जा करणाराने मोत्याची अंगठी रोज घालू नये, कानात घालावा.

आता घरची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील गिरणीत साचे चालवीत. पाचव्या-सहाव्या महिन्यात आईने आपल्या माणकाच्या कुड्या मोडायला काढल्या. त्या आजीने तिला दिलेल्या. प्रत्येकीत सात खडे. मी बरोबर गेलो होतो. पेढीवरच्या माणसाने चिमट्याने एकेक खडा उचकून काढला, सोने काट्यावर टाकले आणि आकडा सांगितला. आई म्हणाली, "अहो, खरी माणके आहेत ती. माझ्या आईने मोजून पैसे दिलेत."

"बाई, खड्याचे पैसे आम्ही देत नाही," तो म्हणाला, आणि चौदाही खडे जांभळ्या कागदाच्या पुडीत बांधून परत केले.

घेताना खडा मोलाचा आणि मोडताना वजनातून वजा, हे अर्थशास्त्र मी त्या दिवशी शिकलो. आज मोठ्या पेढ्या परतफेडीची हमी देतात. ती घेण्यापूर्वी टक्के वाचावेत. पुडी आईने शेवटपर्यंत जपली.

गेल्या वर्षी मुलीचे लग्न ठरले. तिला आजीचे काहीतरी हवे होते. मी पुडी काढली आणि एका परीक्षकाकडे नेली. त्याने एकेक खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही पाहू दिला. लाल दगडात बारीक रेघा दिसत होत्या, सरळ नव्हेत, तबकडीच्या खाचांसारख्या वळलेल्या. आणि मधून मधून हवेचे बुडबुडे. खाणीतल्या माणकात रेघा सरळ आणि कोनांत असतात. ही माणके फ्रेंच शास्त्रज्ञ व्हर्न्यूय याने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या रीतीने, ज्योतीत भुकटी वितळवून केलेली. तीच घड्याळातली माणके. दगड तोच, घटक तेच, फक्त भूमीऐवजी भट्टीतून आलेला. आज प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने बाजार उलटापालटा झाला आहे असे आपण म्हणतो. अमेरिकेत कृत्रिम हिरा १९५४ च्या डिसेंबरात झाला. पण माणकाच्या बाबतीत हा प्रकार आजीच्या तरुणपणापूर्वीच येऊन गेला होता. आजीला ती खाणीची म्हणून विकणारा सोनार स्वतः फसला होता की फसवीत होता, हे आता ठरविता येणार नाही. प्रयोगशाळेतला खडा घेण्यात कमीपणा नाही, त्याला तसा म्हणून आणि त्याच्या भावाने विकले पाहिजे. साध्या भिंगाने प्रयोगशाळेतला हिरा ओळखू येत नाही, म्हणून दाखला मागावा आणि दाखल्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर कोरलेला आहे का तेही पाहावे.

मला वाटले, मुलगी हिरमुसेल. ती म्हणाली, "बाबा, आजी संपात होती ना, तेव्हाचेच ना हे?" आणि तिने चौदाही खडे टेबलावर मांडले. दोघांचे कोपरे चेपले होते, त्या चिमट्याच्या खुणा. ते तिने बाजूला काढले आणि उरलेल्या बारा खड्यांचे पदक घडवून घेतले. कारागीर आमच्याच घरी, खिडकीशी बसून माप घेऊन गेला. मजुरी त्याने सांगितली ती दिली. दोन चेपलेले खडे अजून त्या जांभळ्या कागदात माझ्या कपाटात आहेत.